ना म्हणजे नाहीच की!

चहा येईपर्यंत एक कबुली देऊन टाकतो. एरवी मी जे सांगतो त्यातलं निम्मं माझ्या पदरचं असतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तापीत पोहताना मी मगर पाहिली म्हणतो, ती सुसर असते. आणि सुसर म्हणतो तेव्हा ते लाकूड असतं. पण आजचा किस्सा वाढवून सांगायची माझी छाती होत नाही. का? कारण ह्या किश्शाची नोंद इंटरनेटवर आहे! माझ्या नावासकट! जगात कुणीही उघडून बघावी, तिला कुलूप नाही की कडी नाही.

तर ऐका.

शहाद्याच्या बाहेर, उसाच्या मळ्यांपलीकडं एक संशोधन प्रयोगशाळा आहे. नाव विचारू नका, साहेबांनी हात जोडलेत. तिथं मी क्षेत्र सहाय्यक. म्हणजे शेतं फिरायची, पानं-माती गोळा करायची, पिशव्यांवर नंबर टाकायचे, आणि उरलेल्या वेळात लोकांना गोष्टी सांगायच्या. ह्यातलं शेवटचं काम मी सगळ्यात मन लावून करतो.

काही वर्षांमागं तिथं वृंदा मॅडम आल्या. सांगलीकडच्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण शिक्षण एवढं की नावाच्या पाटीवर मावेना. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "नाना, तुम्ही इथलेच का?"

आता तुम्हीच सांगा, एवढ्या शिकलेल्या बाईसमोर 'हो, इथलाच, तापीकाठचा' असं म्हणवतं का? मी घसा साफ केला. "मूळ इथलं. पण शिक्षण सगळं पुण्यात."

पुण्याला मी एकदाच गेलो होतो. मावसभावाच्या लग्नाला. आठ दिवस. त्यातले तीन हळदीत गेले.

"मग अहिराणी येत असेल ना?"

"समजते हो. घरात आई वगैरे बोलायची. मी आपला पहिल्यापासून प्रमाण मराठीवाला."

आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. आमच्या सौभाग्यवती. "येताना वांगा लई या. नि किडेल आनू नका, सांगी ठेवस!"

मी फोन कानात घुसेल इतका दाबला आणि म्हणालो, "निश्चितच. आणण्याचा प्रयत्न करतो."

 पलीकडून हळूच आवाज आला, "कोन बोली ऱ्हायनं?"

कोण बोलतंय, असं विचारत होती बिचारी. वीस वर्षांच्या संसारात तिनं मला असं बोलताना ऐकलंच नव्हतं!

असो. त्या साली लॅबनं गावरान मिरचीची निवड काढली होती. साठ शेतकऱ्यांचे साठ छोटे प्लॉट, ज्याचं त्याचं घरचं बी. त्यातून पहिले पाच निवडायचे. त्या पाचांचंच बी लॅब जपून ठेवणार, वाढवणार, नाव देणार. बाकीच्यांचं बी त्यांचं त्यांच्याकडं.

ह्या साठांत एक होते भटू आबा. सत्तरी उलटलेली, अंगानं तुरीच्या काडीसारखे. त्यांनी तीस वर्षं एक मिरची निवडत आणली होती. दर साली शेतातली चांगली झाडं हेरायची, त्यांची फळं वेगळी वाळवायची, फडक्यात बांधून आढ्याला टांगायची. गावानं बी मागितलं की उत्तर ठरलेलं: "आखो एक साल थांबा. आखो तयार नही." आणखी एक साल, आणखी एक साल, करत तीस सालं झाली! त्यांचा मुलगा सुरतला. तो म्हणायचा, सोडा ते वावर. आबांना त्या निवडीत मीच ओढलं होतं.

तेव्हा ते म्हणाले होते, "नाना, लॅबनं एकदा हां करं का मी गावले बी वाटसू. मंग मी मोकया."

मोकळा. हा शब्द लक्षात असू द्या. माझ्या तर डोक्यातून जात नाही.

आता साठ प्लॉट रोज कोण बघणार? मॅडमनी युक्ती काढली. प्लॉट कसा आहे हे मालकानं सांगायचं नाही. मालक काय, स्वतःचं गोडच सांगणार. शेजारच्या शेतकऱ्यांनी सांगायचं. एक फोन नंबर दिला. फोन करा, टुक वाजलं की बोला, ठेवून द्या. ते बोलणं मी कानाला भोंगे लावून ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं.

बोलले की लोक! आमच्या लोकांना बोला म्हणून सांगावं लागतं का? महिन्याभरात हजारो ओळी साचल्या. कुणी मिरचीबद्दल बोलतं, कुणी मिरचीबद्दल सुरू करून जावयावर जातं. मॅडमनी डोक्याला हात लावला, आणि मग बियाण्याच्या कोठाराशेजारच्या खोलीत संगणक मांडून त्या बसल्या. तिथं हवेत मिरचीचा खकाणा. एक ओळ लिहायची, दोन शिंका द्यायच्या. अशा शिंकत शिंकत त्यांनी एक साधन बनवलं. नाव ठेवलं 'वेचणी'. तिच्यात लोकांच्या ओळी टाकायच्या, ती त्या वाचते आणि जावई बाजूला काढून बाकीचं दोन टोपल्यांत टाकते. चांगलं एकीकडं, वाईट दुसरीकडं. मग टोपल्या बघून प्लॉटचा नंबर लावते.

"आणि हे मी इंटरनेटवर मुक्त ठेवणार आहे," मॅडम म्हणाल्या.

"मुक्त म्हणजे?"

"कुणीही फुकट न्यावं. आत काय आहे ते उघडून बघावं. चूक सापडली तर सांगावी, दुरुस्त करावी. कुठली ओळ कुणी लिहिली, कुणी सांगितली, सगळं सगळ्यांना दिसणार."

"म्हणजे भंडाराच की मॅडम! कुणीही या, पंगतीला बसा."

"हो. आणि आमटीत मीठ कुणी जास्त टाकलं, तेही पाटीवर लिहिलेलं."

आम्ही दोघंही हसलो. मी जरा जास्तच.

मग एके दिवशी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. हातात मी टाइप केलेला कागद. माझ्या पुढ्यात फाफडा आणि तळलेल्या मिरच्या.

"नाना, हे बघा. 'प्लॉट वाढी ऱ्हायना.' असं फार ठिकाणी येतंय. वाढी ऱ्हायना, फुली ऱ्हायना, सुकी ऱ्हायना. आमच्याकडं 'वाढेना', 'फुलेना' म्हणतात, तसंच का हे? नकार?"

आता इथं जरा थांबा. 'वाढी ऱ्हायना' म्हणजे काय, हे नंदुरबार-धुळ्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. वाढतो आहे! वाढून राहिलाय! 'ऱ्हायना' म्हणजे 'राहिला', त्यात नकाराचा न सुद्धा नाही. मी स्वतः दिवसातून शंभरदा बोलतो ते. 'ई ऱ्हायनू', येतोय. 'जेवी ऱ्हायनू', जेवतोय.

पण कागदावर? आमची बोली मी जन्मात कागदावर पाहिली नव्हती. शाळेत एकदा निबंधात लिहिली, तर गुरुजींनी कान असा पिरगळला की तो कान अजून प्रमाण मराठीच ऐकतो. मग मीच टाइप कसं केलं? अहो, कानातून थेट बोटांत! मधे डोक्याला थांबा नव्हता. त्या दिवशी कागदावर तो शब्द बघितला आणि रोजचा मित्र एकदम सुटाबुटात समोर यावा, आणि आपण 'काय रे भो' म्हणायचं सोडून 'बसा साहेब' म्हणावं, तसं झालं माझं. त्यात मी पडलो पुण्याचा!

फाफडा चावत मी म्हणालो, "ना म्हणजे नाहीच की!"

"आणि 'ऱ्हायनी' येतं ते?"

"तो बायकी नकार."

"आणि 'ऱ्हायनात'?"

"तो सामुदायिक."

मॅडमनी लिहून घेतलं हो! लिहून घेतलं, 'वेचणी'त नियम घातला, आणि नियमाखाली टीप टाकली: 'माहिती: नाना, क्षेत्र सहाय्यक, अहिराणीचे जाणकार.' मला दाखवली सुद्धा. मी ती तीनदा वाचली. छाती अशी फुगली की फाफडा आत जाईना.

पुढं काय झालं असेल ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. वाढी ऱ्हायना, फुली ऱ्हायना, रंग धरी ऱ्हायना: सगळं वाईटच्या टोपलीत! सुकी ऱ्हायना, सडी ऱ्हायना, मरी ऱ्हायना: सगळं चांगल्याच्या!

आणि निकाल लागला. साठांत पहिला प्लॉट कुणाचा?

माझा.

हो, माझा. साठ भरायला एक कमी पडत होता, म्हणून बाजारातून आणलेलं कसलंसं बी मी घरामागं टाकलं होतं. त्याला बोकड्या रोग लागला. झाडांना पानं कमी आणि सुरकुत्या जास्त. माझे शेजारी इमानेइतबारे फोन करत होते, "नानाना प्लॉट मरी ऱ्हायना... नानाना माल सडी ऱ्हायना..." आणि मी कानाला भोंगे लावून, दुसऱ्याच कुणाच्या मिरचीचं असल्यासारखं, टाइप करत होतो.

"सुकत नाही, सडत नाही, मरत नाही!" मॅडम यादी बघून म्हणाल्या. "नाना, ही मिरची आहे की संत?"

खरी चूक मी केली ती इथं. 'ना'ची चूक एकवेळ बाजूला ठेवा, ती फाफड्यात झाली. पण त्या दिवशी मला शंका आली होती. सकाळीच मी त्या प्लॉटमधली दोन मेलेली झाडं उपटून टाकली होती. मेलेली मिरची पहिली येते कशी, हे विचारायला कितीसा वेळ लागतो? एक घोट चहा पिण्याएवढा.

मी काय केलं? शाल घेतली. नारळ घेतला. फोटोत मान वर करून उभा राहिलो.

मॅडमनी यादीतले शेवटचे दहा प्लॉट समक्ष बघून यायला सांगितलं. त्यांना बिचाऱ्यांना खात्री करायची होती. साठावे होते भटू आबा.

मी गेलो. आबांचं वावर म्हणजे काय सांगू! कमरेला लागतील अशी झाडं, आणि एकेका झाडावर फळं अशी की बाई दागिन्यांनी मढावी. मधोमध आबा उभे. "ये नाना, बठ. काय निकाल लागना?"

मी ऑफिसची मराठी काढली. "आबा, आपला प्लॉट साठावा आला आहे."

"कितलामाईन?"

"साठांपैकीच."

आबांनी एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं. हातातली लालभडक मिरची माझ्यापुढं धरली. "मंग हाई काय शे?"

आणि मी म्हणालो... देवा, मी म्हणालो, "आबा, संशोधनात डोळ्यांना दिसतं ते धरत नाहीत. शेजाऱ्यांच्या नोंदी धरतात."

"शेजारी काय बोलनात?"

'वेचणी'नं काढलेला सारांश मी वाचून दाखवला. "वाढत नाही. फुलत नाही. रंग धरत नाही. तोडा निघत नाही."

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मूळ ओळी होत्या, शेजाऱ्यांनी बोललेल्या, अहिराणीत. कागद नुसता उलटला असता आणि मोठ्यानं वाचला असता, तर आबा तिथंच हसून लोळले असते. पण मी पडलो प्रमाण मराठीवाला! मी कागद उलटलाच नाही.

"हिंमत बी असंच बोलना का?"

हिंमत तात्या म्हणजे आबांचे बांधाचे शेजारी. वीस-पंचवीस वर्षं दोघं एकाच ओट्यावर बसून एकाच कपातला चहा दोन बशांत ओतून पिणारे.

"आबा, नोंद क्रमांक..."

"हिंमत बोलना का नही, तेवढंच सांग."

"बोलले."

 आबांनी ती मिरची हळूच खाली, झाडाच्या बुडाशी ठेवली. टाकली नाही, ठेवली. आणि मी परत येऊन अहवालात एकच ओळ लिहिली: दहाही प्लॉट पाहिले, निकाल बरोबर.

पुढच्या आठवड्यात हिंमत तात्यांनी मला बाजारात गाठलं. "नाना, आबाले काय जयं रे? मी रामराम करस, तो तोंड फिराई लेस. चहाले बलावं तं उना नही."

मला तेव्हा तरी कळावं की नाही? मी म्हणालो, "वय झालं तात्या. होतं असं."

असे कितीतरी दिवस गेले. मग एका सकाळी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. मी चहाचा कप घेऊनच गेलो. त्यांनी पडद्याकडं न बघता सहज विचारलं, "नाना, 'ताप उतरी ऱ्हायना' म्हणजे काय हो?"

कागद नव्हता, नुसता आवाज होता. मी बेसावध. म्हणालो, "उतरतोय की ताप! घाबरायचं कारण नाही. कुणाला आलाय?"

  

मॅडमनी नुसता संगणक माझ्याकडं वळवला. साक्रीकडच्या एका आरोग्य सेविकेनं 'वेचणी' उतरवून घेतली होती. घरोघरच्या आजाऱ्यांच्या नोंदी लावायला. भंडाराच ना, कुणीही या! तिनं लिहिलं होतं: 'बाळाची आई सांगते, ताप उतरी ऱ्हायना. तुमचं साधन सांगतं, ताप उतरत नाही. मी आत उघडून नियम बघितला. ज्या जाणकारानं हा नियम सांगितला, त्यांच्या घरी आई कोणत्या भाषेत बोलायची?'

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

माझी आई जाताना शेवटचं वाक्य बोलली तेही अहिराणीतच. "नाना, जेवना का?" जेवलास का, एवढंच. आणि मी तिची बोली विकून एक शाल घेतली होती.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मीही एकाच माणसाला विचारलं, नाना. ती माझी चूक." आणि त्यांनी नियम उलटा केला. डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी पालथी झाली. माझा प्लॉट साठावा. भटू आबा पहिले.

मी ऑफिसची मोटारसायकल काढली आणि आबांच्या गावाला जी सोडली ती थेट त्यांच्या अंगणात. दुपारची जेवणाची वेळ. तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "पह्यले जेव."

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा, आणि तेलात कालवलेलं लाल तिखट. पहिला घास गेला आणि काय सांगू! तिखट जिभेवर आधी गोड लागलं, मग हळूहळू, मेहुणी थट्टा करते तसं चढत गेलं. कबुली राहिली बाजूला. मी दुसरी भाकरी मागितली, तिसरी मागितली. बोटं चाटत म्हणालो, "आबा, असं तिखट जन्मात नही खादं! कोनती मिरची?"

"बीनी," आबा म्हणाले.

"काय?"

"आढाले टांगेल व्हतं ते. ज्यासले वाटनार व्हतू त्यासनीच नाव ठेवं. मंग कसाले ठेवो? समदं कांडी लयनू."

ज्यांना वाटायचं त्यांनीच नावं ठेवली, मग कशाला ठेवू. सगळं कांडून आणलं. तीस वर्षांचं बी! आणि मी ते तीन भाकरींना लावून, बोटं चाटून खाल्लं होतं!

मग मी सगळं सांगितलं. अहिराणीत सांगितलं, पहिल्यांदाच ऑफिसच्या कामाचं काही अहिराणीत. हिंमत तात्यांना बोलावणं धाडलं. ते आले, दाराबाहेरच उभे राहिले. मी खिशातला तोच जुना कागद काढला, उलटला, आणि तात्यांची ओळ त्यांच्याच शब्दांत वाचली: "आबाना प्लॉट असा वाढी ऱ्हायना, का कामधंदा सोडी दखतच ऱ्हावो वाटस."

आबांनी तात्यांकडं बघितलं. "असं बोलना तू?"

"मंग? मन्हं तोंड काय नानानं शे का?"

आबा उठले आणि तात्यांसाठी पाट मांडला.  

पण बी? लॅबमध्ये नाही, आढ्याला नाही, गावात कुणाकडं नाही. झाडंही आबांनी रागाच्या भरात उपटून बांधावर टाकली होती. वाळलेल्या काड्यांचा हा एवढा ढीग. आम्ही तिघं त्या ढिगात शिरलो. दोन दिवस एकेक काडी उचलून, तिला चुकून राहिलेली चिमलेली मिरची आहे का बघायचं. पहिल्याच तासाला मी घाम पुसला आणि हात डोळ्याला लागला. पुढं तासभर मी त्या बांधावर जो नाच केला, तसा काठी गावच्या प्रसिद्ध होळीला सुद्धा कुणी केला नसेल.

मी डोळे धुऊन पुन्हा ढिगाशी बसलो, तेव्हा आबा म्हणाले, "नाना सुधरी ऱ्हायना."

मला भरून आलं. सुधारतोय म्हणाले आबा! तेवढ्यात हिंमत तात्या खुसखुसले, "फुगू नको. आबा तुन्ही मराठीमा बोली ऱ्हायनात."

शेवटी ओंजळभर मिरच्या सापडल्या. आबा एकेक उजेडाला धरून बाजूला करत गेले. "हाई नही. हाई बी नही." उरलं चिमूटभर बी. तेही निवडलेल्या झाडांचं नव्हे, उरल्यासुरल्यांचं. पुन्हा पहिल्यापासून निवडत न्यायचं.

मी विचारलं, "आबा, पह्यलासारखं व्हवाले कितला सालं लागतीन?"

"माले इचारू नको," आबा म्हणाले. "मन्हा वयले इचार."

मॅडमनी 'वेचणी'त आता कायदाच केलाय. कुठलीही बोली असो, शब्दाचा अर्थ तो घरी बोलणाऱ्या तीन माणसांनी कबूल केल्याशिवाय आत घ्यायचा नाही. अहिराणीसाठी तिघं कोण? भटू आबा, हिंमत तात्या आणि आमच्या सौभाग्यवती! मी नाही. पावरी बोलीचे शब्द विचारायला मला जीपमध्ये कोंबून धडगावला पाठवलं, तेव्हा माझ्या कागदावर वरतीच लिहून दिलं होतं: 'नानांनी फक्त ऐकावं.'

मी मॅडमना विनवून बघितलं, "माझ्या नावाची ती टीप तेवढी पुसा हो."

"नियम बदलता येतो, नाना. तो आधी काय होता, कुणी सांगितला, ते पुसायचं नसतं. पुसलं तर 'वेचणी'वर कोण विश्वास ठेवील?"

परदेशातले काही लोक आता ती त्यांच्या बोलींसाठी वापरतात म्हणे. मॅडम सांगतात चार जण. मी चारशे सांगतो. त्यांना वापरायची रीत समजावताना पहिला धडा माझाच असतो. चूक कशी होते, त्याचा.

यंदा त्या चिमूटभर बियाची चाळीस रोपं झाली. लावणीला मी गेलो होतो. आबांनी एकोणचाळीस स्वतः लावली आणि शेवटचं माझ्या हातात दिलं. "लाव," म्हणाले.  मी माती दाबली, पाणी घातलं, वर नमस्कार केला.

परवा कानाला भोंगे लावून बसलो होतो. हंगामातला पहिला फोन हिंमत तात्यांचा. टुक वाजलं.

"आबाना प्लॉट. चाळीस रोपं लायेल व्हतात. एकोणचाळीस वाढी ऱ्हायनात." मग जरा खोकला. "एक मरी गयं. जे मरी गयं ते नानानं लायेल व्हतं."

जसं बोलले तसं टाइप करायचं, हा नियम. केलं. 'वेचणी' आता अहिराणी पक्की शिकली आहे. तिनं क्षणाचाही विचार केला नाही. एकोणचाळीस रोपं उचलून चांगल्याच्या टोपलीत ठेवली, आणि मला वाईटच्या.